किरकोळ गुन्हा

पाइन हार्बर, मिशिगन
९ मार्च १९९८

प्रिय दादा,

आधी चांगली बातमी देते, मग रडगाणं. मी नर्सिंगची परीक्षा पास झाले. वर्गातल्या पोरी मला 'आजी' म्हणायच्या. त्यातल्या काही पोरी नापास झाल्या आणि आजी पास! इथल्या हॉस्पिटलनं जागाही देऊ केलीय, ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डात, जूनपासून. इतकी वर्षं मोटेलातल्या चादरी बदलल्यावर आता चादरीवरच्या माणसाकडे बघायला मिळणार.

आता रडगाणं. राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा लायसन्सचा अर्ज टेबलावर पडलाय. सगळा भरून झाला, एक प्रश्न राहिलाय. 'आपणास कोणत्याही गुन्ह्यात, किरकोळ गुन्ह्यातसुद्धा, कधी दोषी ठरवण्यात आले आहे काय?' पुढे दोन चौकोन. हो, नाही.

तू तेव्हा बोटीवर होतास, तुला सगळं अर्धमुर्धंच कळलं होतं. त्या डिसेंबरात रॉडनी गोठलेल्या सरोवरावर मासे पकडायला म्हणून घरातून गेला आणि बर्फाला भोक पाडायची लोखंडी पहारच घरी विसरला. मी बावळट, पहारीशिवाय नवरा काय करेल म्हणून ती द्यायला निघाले. वाटेत डार्ला मॅकीच्या घरामागे त्याचा पिकअप उभा. दोघंही गाडीत बसलेले. मी त्याच पहारीनं पुढची काच फोडली, मग बाजूची. काच डार्लाला लागली. पोलीस आले. कोर्टानं दिलेला वकील म्हणाला, "बाई, किरकोळ गुन्हा आहे. कबूल करा, दंड भरा, घरी जा. याचं पुढे काही होत नसतं." मी कबूल केलं, दंड भरला, घरी आले. रॉडनी त्याच हिवाळ्यात घर सोडून गेला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. काय लिहू? तू सरकारी कागदांत मुरलेला माणूस आहेस. सांग.

तुझी,
व्हर्ना


'एल्मर स्ट्रॉम' या मालवाहू बोटीवरून
२ एप्रिल १९९८

प्रिय व्हर्ना,

पास झालीस! मी मुदपाकखान्यात ओरडलो तर इंजिनवाला पोरगा आग लागली समजून धावत आला. त्या आनंदात मी सगळ्यांना तांदळाची खीर करून घातली. आई असती तर तिनं दालचिनी कमी पडली म्हणून नाक मुरडलं असतं आणि तीनदा वाढून घेतली असती.

बर्फ अजून फुटलेला नाही. पुढे एक बर्फफोडी बोट चालते आणि आम्ही तिच्या मागून, लग्नातल्या लांबच्या नातेवाइकांसारखे.

आता तुझा प्रश्न. 'नाही'वर खूण कर, पाकीट चिकटव आणि मोकळी हो. अगं, नऊ वर्षांपूर्वीच्या काचेचे तुकडे कोण वेचत बसलंय? सरकारला विचारायची खोड असते, वाचायची नसते. आणि ती डार्ला! तिच्यापायी तुझं घर गेलं, आता नोकरीही घालवणार का? वकील स्वतः म्हणाला होता ना, पुढे काही होत नाही म्हणून? मग संपलं.

इतकी वर्षं एवढ्या बोटींच्या भटारखान्यांत मी असले कागद भरत आलोय. माझं ऐक.

तुझा,
आर्वो


पाइन हार्बर
२४ एप्रिल १९९८

प्रिय दादा,

नाही ऐकलं तुझं. 'हो'वर खूण केली.

माझ्या सत्यवचनीपणाचं कौतुक करू नकोस. पेन 'नाही'वर नेलंही होतं. पण मग वाटलं, खोटं बोलून मिळवलेल्या नोकरीत कुणी नुसतं 'व्हर्ना, जरा ऑफिसात ये' म्हटलं तरी वाटणार, कळलं यांना. तसं जगून झालंय माझं, रॉडनीबरोबर. पुन्हा नको.

'हो' म्हटलं की काम वाढतं. कोर्टातून निकालाची शिक्क्याची प्रत आणायला सांगितली. खिडकीवरची बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "कशासाठी हवी?" मागे रांगेत चर्चमधली अर्धी मंडळी. प्रत घरी आणून वाचली. तिच्यात 'मारहाण' असा शब्द आहे. 'काच' हा शब्द कुठेच नाही. मी नऊ वर्षं मनात 'गाडीची काच फोडली' असंच म्हणत आले होते. आरोप काय ठेवला होता हे त्या वेळी मी वाचलंही नव्हतं रे. वकिलानं बोट ठेवलं तिथे सही केली होती.

हॉस्पिटलच्या भरतीच्या बाईंना मी आपण होऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "लायसन्स आलं की झालं, आमची काही हरकत नाही." म्हणजे होईल बहुतेक.

तू रागावू नकोस.

व्हर्ना


डुलुथ, मिनेसोटा
३० मे १९९८

प्रिय व्हर्ना,

पत्राला उशीर झाला. रागावलो नाही. 'हो' लिहिलंस ते बरं केलंस. मी आधी जे म्हणालो ते विसरून जा. जे विचारतील ते सगळं खरं खरं सांग, काही झाकू नकोस.

यापुढे पत्र बोटीच्या पत्त्यावर पाठवू नकोस. डुलुथच्या पोस्टात माझ्या नावानं ठेवायला सांग, बंदराला लागलो की मी घेईन. टपालाची व्यवस्था बदललीय.

माझं ठीक चाललंय. गुडघा दुखतो.

आर्वो


पाइन हार्बर
२८ जून १९९८

प्रिय दादा,

तुझ्या चार ओळींच्या पत्रानं मला रागच आला होता. आधी 'झाक' म्हणायचं, मग 'काही झाकू नकोस' म्हणून पाद्र्यासारखा उपदेश करायचा. सांगणं सोपं आहे तुला. बोटीवर तुला कुणी काही विचारत नाही. चांगलं जेवण मिळालं की ते खूश.

इथली गोष्ट ऐक. बोर्डाचं उत्तर आलं: प्रकरण चौकशीला घेतलंय, निर्णय होईपर्यंत लायसन्स मिळणार नाही. कधी होईल ते कुणी सांगत नाही. ते पत्र घेऊन हॉस्पिटलात गेले. त्याच बाई, तेच हसणं. "आम्हाला जागा भरायलाच हवी हो, तुम्ही समजू शकता." समजले.

मग म्हटलं, तोवर दुसरं काही बघू. शाळेच्या बसवर मुलं सांभाळायचं काम होतं. तिथे तोच प्रश्न. पाळणाघरात तोच. बँकेत काउंटरवरच्या कामालाही तोच. सगळे मला आधी चांगलंच म्हणतात, आणि त्या प्रश्नाशी आले की त्यांना एकदम दुसरं कुणीतरी भेटायला येणार असल्याचं आठवतं. शेवटी परत मोटेलात. मालकीण म्हणाली, "तुझा ॲप्रन मी ठेवूनच दिला होता." प्रेमानं म्हणाली ती, पण घरी येऊन मी रडले.

गरिबांना फुकट सल्ला देणारे एक वकील आहेत, प्रुडोम म्हणून. म्हातारे आहेत, चष्मा कपाळावर आणि शोधतात टेबलावर. ते म्हणाले, "ज्यांना लागलं त्या बाईंनी तुमच्यासाठी दोन ओळी लिहून दिल्या तर बोर्डावर फार परिणाम होईल." म्हणून मी डार्लाकडे गेले. त्याच घरी.

तिनं दार उघडलं, मला बघून दचकली नाही. आत घेतलं, कॉफी दिली. मी काम सांगितलं. ती म्हणाली, "तू एक दिवस येशील हे मला ठाऊक होतं. माफी मागायला येशील असं वाटलं होतं. काम घेऊन येशील असं नव्हतं वाटलं."

मी म्हटलं, "काच लागली त्याचं मला वाईट वाटतं, डार्ला."

"काच आपली आपण लागली नाही, व्हर्ना. तू मारलीस." तिनं केस बाजूला केले. भुवईतून पांढरी रेघ गेलीय, तिथे केस उगवत नाहीत. "अजून गाडीत पुढे बसले आणि बाजूनं कुणी चालत आलं की माझा हात तोंडावर जातो. माझी पोरगी हसते मला. मी तुझ्याविरुद्ध काही लिहिणार नाही. पण तुझ्या बाजूनंही नाही. मला या सगळ्यातून मोकळं ठेव."

मी कॉफी संपवली. काय करणार, उठून जाणंही जमेना. दारात ती म्हणाली, "रॉडनी मलाही सोडून गेला, कळलं असेलच."

"कळलं."

कुणीच हसलं नाही.

दादा, मी दमलेय. पहाटे उठून चादरी, दुपारी प्रुडोमच्या ऑफिसात कागद, संध्याकाळी पुस्तकं उघडते, शिकलेलं विसरू नये म्हणून. कुणासाठी कोण जाणे.

व्हर्ना


डुलुथ
१९ जुलै १९९८

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. डार्लाबद्दल मी एप्रिलमध्ये जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तिचं म्हणणं बरोबर आहे. तुझंही बरोबर आहे. दोघी बरोबर असल्या की कुणाच्याच हाती काही लागत नाही.

पुस्तकं मिटू नकोस. एवढंच सांगतो.

इथे बोटीवर सगळं नेहमीसारखं. रविवारी डुक्कर भाजलं, वरची साल अशी कुरकुरीत झाली की कप्तान स्वतः मुदपाकखान्यात आला. सोबत सफरचंदाची चटणी, उकडलेले बटाटे, बडीशेप घातलेली काकडी. सगळ्यांनी ताटं चाटूनपुसून ठेवली. सरोवर आरशासारखं शांत होतं. रात्री डेकवर बसलो तर तुझी आठवण आली.

तू म्हणालीस ते खरंय, बोटीवर कुणी काही विचारत नाही.

आर्वो


पाइन हार्बर
११ ऑगस्ट १९९८

प्रिय दादा,

ते डुक्कर कुणी खाल्लं रे?

शनिवारी बाजारात डोलोरेस भेटली, तुमच्या बोटीवरच्या सुकाणूवाल्या ऑरिनची बायको. म्हणाली, "नवा आचारी अगदीच पाणचट आहे गं. ऑरिन म्हणतो, आर्वोच्या हातची खीर आठवून पोरं रडतात. कसा आहे आर्वो? मे महिन्यात उतरवलं तेव्हापासून काही खबर नाही." मी टोमॅटो चाचपत उभी राहिले आणि म्हटलं, "बरा आहे." मग तिला वाटलं मला सगळं माहीतच आहे, आणि तिनं बाकीचंही सांगितलं.

दारू पिऊन गाडी चालवलीस, दोन वर्षांपूर्वी, सुपिरियर गावात. तू तो किरकोळ गुन्हा कबूल केलास, दंड भरलास. आणि गेल्या हिवाळ्यात बोटीवरचा परवाना नव्यानं काढताना त्याच प्रश्नापुढे 'नाही' लिहिलंस.

म्हणजे एप्रिलमध्ये मला 'नाही' लिही म्हणालास, तेव्हा तू स्वतः तेच लिहून बसला होतास. आणि मेमध्ये 'बरं केलंस' म्हणालास, तेव्हा बोटीवरून उतरलेला होतास. आणि मी तुला पाद्री म्हटलं.

मी भांडायला लिहीत नाहीये. भांडायला लागणारी ताकद उरलेली नाही. फक्त आता मला सरोवराची वर्णनं पाठवू नकोस. कुठे राहतोस, काय खातोस, एवढं लिही.

माझी सुनावणी ठरलीय, ऑक्टोबरात, लान्सिंगला. पूल ओलांडून दिवसभराचा रस्ता. मला एकटीनं जायचं नाहीये.

व्हर्ना


डुलुथ
१८ ऑगस्ट १९९८

प्रिय व्हर्ना,

कुणी नाही खाल्लं. भाजलंच नव्हतं.

बसच्या अड्ड्यामागे एक खोली आहे, तिथे राहतो. एका हॉटेलात मासे तळतो. मालक बरा आहे, त्यानं काही विचारलं नाही. मी दारू सोडलीय. हे तुला लिहायचं नव्हतं, कारण सगळे बेवडे हेच लिहितात. तुला दिसेल तेव्हा दिसेल.

परवान्याच्या कचेरीतला अधिकारी चांगला होता, तेच जास्त लागलं. गाडी चालवायच्या लायसन्सची नोंद त्यांना परस्पर कळते म्हणे, मला ते माहीतच नव्हतं. तो म्हणाला, "मिस्टर सारी, नुसतं लिहिलं असतंत तर आम्ही खुलासा मागितला असता, फार तर डॉक्टरकडे पाठवलं असतं. तुमचा परवाना जातोय तो दारूसाठी नाही. तो 'नाही'साठी जातोय." वर्षभरानं पुन्हा अर्ज करता येईल. मिळेलच असं नाही.

तुला सांगणार होतो. पण तू पास झाली होतीस. घरात एक तरी माणूस वर चढत असताना खालून कशाला ओरडायचं, असं वाटलं. मग तुझंही अडकलं, आणि मग सांगायचं राहूनच गेलं.

ऑक्टोबरात येतो. बसनं येईन. गाडी तूच चालव.

आर्वो


पाइन हार्बर
६ डिसेंबर १९९८

प्रिय दादा,

लान्सिंगहून परतताना मी वाटेत एक शब्द बोलले नाही आणि तू एक शब्द विचारला नाहीस. पुलाजवळ थांबून मांस-बटाटा भरलेली गरम पास्टी आणलीस, माझ्या हातात दिलीस, बस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तुला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, म्हणून आत काय झालं ते आज लिहिते. निकाल लागल्याशिवाय लिहायला हात धजेना.

टेबलामागे तिघं होते. मधे एक म्हाताऱ्या नर्सबाई, केस अगदी बारीक कापलेले. प्रुडोमनी माझ्याकडून सगळं पाठ करून घेतलं होतं: संसार मोडत होता, मनावर ताण होता, गाडीची काच फुटली, दुर्दैवानं इजा झाली. बाईंनी विचारलं, "तुमच्या शब्दांत सांगा. काय झालं त्या दिवशी?"

मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं काहीच आलं नाही. म्हटलं, "डार्ला मॅकी नावाची बाई गाडीत बसली होती. ती मला काचेतून दिसत होती. दिसत असताना मी पहार मारली. तिच्या भुवईवर खूण आहे. ती मी या उन्हाळ्यात पहिल्यांदा नीट पाहिली."

प्रुडोमनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या एकानं विचारलं, "पेशंट शिव्या देतात, थुंकतात, मारतातसुद्धा. तेव्हा तुम्ही काय कराल?"

"मागे सरेन. मोटेलातही पिऊन आलेले असतात हो. नऊ वर्षं मागेच सरतेय मी."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, आणि आम्हाला जायला सांगितलं.

निकाल आला. लायसन्स मिळालं, पण ठपक्यासकट. दोन वर्षं देखरेखीखाली काम करायचं, वरच्या नर्सनं माझ्याबद्दल नियमित अहवाल पाठवायचा. आणि ठपका माझ्या नावापुढे राहणार, कुणीही विचारावं आणि त्याला तो वाचून दाखवला जावा असा. प्रुडोम म्हणाले, "जिंकलो आपण!" आणि चष्मा शोधायला लागले. मी म्हटलं, "हो, जिंकलो." हॉस्पिटलच्या बाईंना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, अटी असलेल्या नर्सा त्यांच्याकडे घेत नाहीत.

काउंटीच्या वृद्धाश्रमानं घेतलं. तिथे माणसं टिकत नाहीत, त्यामुळे त्यांना निवडायला फारसं काही नसतं. दुपारची पाळी. देखरेखीला एक बाई आहे, माझ्याहून लहान. अहवाल लिहायचा म्हणून बिचारी माझ्यापेक्षा जास्त घाबरते. मी घरी येते तेव्हा पाय असे सुजलेले असतात की बूट निघत नाहीत. आनंद होईल असं वाटलं होतं. झालाय बहुतेक, पण दमणुकीखाली सापडत नाही. सापडला की कळवीन.

तुझ्या नव्या अर्जाचं मी विचारत नाही. तुला काय लिहायचं ते तू लिही. ख्रिसमसला मात्र ये. सौनाची वाफेची खोली तापवून ठेवते, गुडघ्याला बरं वाटेल.

आणि कालची एक गोष्ट. मिसेस ओयाला म्हणून एक आजी आहेत, मधुमेहानं टाचेला जखम झालीय, पट्टी बदलायची होती. त्यांची लेक भेटायला आलेली, पलंगाला चिकटून बसलेली. तिनं माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं, ते अजून रॉडनीचंच आहे, मग तोंडाकडे पाहिलं.

"केस्टिला? तूच ना ती, नवऱ्याच्या गाडीच्या काचा फोडणारी?"

हातात कात्री, समोर उघडी टाच. गेल्या वर्षी म्हटलं असतं, ती दुसरी कुणी.

"हो, मीच," मी म्हटलं. "गाडीत एक बाई होती. तिला लागलं."

आजी वैतागून म्हणाल्या, "अगं, पाय गार पडला माझा. गप्पा नंतर मारा."

"जरा खुर्ची मागे घेता का?" मी लेकीला म्हटलं. "माझ्या हातावर उजेड पडत नाहीये."

ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उठली आणि तिनं खुर्ची मागे घेतली.

तुझी,
व्हर्ना